आधी गा, मग वाजव

मिरज

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू वैतागून म्हणालीस, "बाबा, मी सतार शिकायला मुंबईला आले आणि गुरुजी मला गायलाच बसवतात." मी बँकेत नोटा मोजण्यात जन्म घालवलेला माणूस, सुरांतलं मला काय कळतंय. पण मिरजेत राहून कानावर बरंच पडतं, म्हणून लिहितोय.

सतारिये विलायत खाँसाहेबांचं बघ. 1938 साली वडील इनायत खाँ गेले, तेव्हा पोर जेमतेम दहा वर्षांचं. पुढची तालीम आजोबा बंदे हसन खाँ आणि मामा झिंदा हसन खाँ यांच्याकडे. दोघेही गवई! मुलाला गवईच व्हायचं होतं, पण आई अडून बसली: तुझ्या वडिलांचं घराणं सतारियांचं, तू सतारच वाजवायची. मग गळ्यातलं सगळं त्यांनी बोटांत उतरवलं. सतारीच्या दांडीवरच्या एकाच पडद्यावर, म्हणजे धातूच्या पट्टीवर, तार ओढून चार-पाच सुरांवर न तुटता सरकणारी मींड काढायची, हे नुसत्या बोटाच्या जोरावर होत नाही गं. तार कुठवर ओढायची हे पडदा सांगत नाही. तो सूर आधी तुझ्या आत वाजलेला असावा लागतो.

आणि अन्नपूर्णादेवी तर 2018 मध्ये जाईपर्यंत तुझ्या त्या मुंबईतच होत्या. त्यांचं वाद्य सूरबहार, सतारीचंच मोठं, खर्जातलं भावंड. त्यांच्याकडे निखिल बॅनर्जी सतार शिकले, बहादुर खाँ सरोद आणि हरिप्रसादजी बासरी. बासरी त्या कुठं वाजवत होत्या? गाऊनच शिकवायच्या.

तेव्हा गुरुजी गायला सांगतात तोवर गा. यमन लांबतोय तर लांबू दे. तुझ्या मैत्रिणीच्या रील आई मला दाखवते. शेवटचा जलद 'झाला' फार जोरात चालतो तिचा, पण सुरुवातीचा संथ आलाप मात्र एकदाही ऐकला नाही.

बोट चिरलंय असं आईला कळलं. खोबरेल लाव आणि घट्टा सोलत बसू नकोस.

तुझी जुनी सतार सतारमेकर गल्लीत टाकली आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर त्यांनी खाचा पाडल्यात, जवारी नव्यानं काढावी लागणार, म्हणजे घोडीचा माथा घासून सुराचा झणकार जुळवावा लागणार. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण जवारी काढणारे हात त्यानं वाढले नाहीत, त्यामुळे वेळ लागेल. जवारी खुली, म्हणजे जास्त झणकारती, ठेवायची की बंद, असं सतारमेकर चाचांनी विचारलंय. शिवाय खर्जाची जाड तार ठेवायची, की ती काढून विलायत खाँसाहेबांच्या पद्धतीनं गांधार-पंचमाच्या तारा लावायच्या? हे माझ्या अखत्यारीतलं नाही. गुरुजींना विचार आणि शनिवारच्या आत कळव, चाचा सोमवारी काम हातात घेणार आहेत.

तुझा,
बाबा