मायनस म्हणजे चॅसिस नव्हे

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण आधी सांगण्यासारखं काही नव्हतं आणि नंतर जे झालं ते सांगायची लाज वाटत होती. आता बाबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ चालू झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

तुझ्या काकांच्या सेटला जी गुणगुण आहे, तीच आमच्या बाबांच्या सेटला होती. आवाजाचं बटण पार शून्यावर आणलं तरी ती जागची हलत नव्हती. म्हणजे दोष बटणाच्या अलीकडचा नाही, बहुधा सप्लायचाच, म्हणजे रेडिओला वीज पुरवणाऱ्या भागाचा. तिथला विजेची लाट सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर गेला की असंच होतं. ईझेड-८० हा व्हॉल्व्ह लाइनच्या ५० हर्ट्झच्या एसी विजेचे दोन्ही अर्धे हिस्से सरळ करतो, म्हणजे तिची डीसी करतो, म्हणून स्पीकरमधून १०० हर्ट्झचा भुंगा ऐकू येतो. चॅसिसवर, म्हणजे रेडिओच्या पत्र्याच्या सांगाड्यावर, उभा असलेला ॲल्युमिनियमचा डबा तू पाहिलास ना, त्याच्या एकाच पोटात दोन कंडेन्सर असतात. आमच्यावर ३२ + ३२ मायक्रोफॅरड (ही वीज साठवायची क्षमता), ३५० व्होल्ट असं छापलंय. मीटर लावला तर एक ९ आणि दुसरा ४ दाखवत होता.

असले डबे परदेशात अजून कुणी कुणी बनवतात, पण पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घालूनही मला एक मिळाला नाही. मग बुधवारी जुन्या बाजारात गेलो. तिथे एकाने खोक्यातून काढून दाखवला, "साहेब, एकदम कोरा आहे, वापरलेला नाही." तोच तर त्याचा दोष! या कंडेन्सरच्या आतल्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो विजेच्या दाबानेच टिकून राहतो. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की थर खराब होतो, आतला ओलावा सुकतो, आणि अचानक पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती वाढून तो तापतो. न वापरलेला जुना कंडेन्सर म्हणजे न वापरलेलं जुनं औषध. नमस्कार करून परत आलो.

शेवटी तोच डबा रिकामा करून त्यात नवे बसवायचे ठरवले. खालच्या कडेशी करवतीने गोल कापला, बाहेरून गरम केला, आणि आतली कागदाची वळकटी डांबरासकट बाहेर ओढली. वास विचारू नकोस. हिने दोन दिवस बाल्कनीचं दार उघडू दिलं नाही. ३२ हा आकडा आता चालत नाही, ३३ मिळतो, तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही. व्होल्टेज मात्र मी ४५० चं घेतलं. नवे इतके लहान झालेत की दोन्ही आत मावून वर जागा उरली.

तू फोनवर म्हणालास तसा १०० मायक्रोफॅरडचा टाकायचा मोह मलाही झाला होता. तुझ्या सेटमध्येही ईझेड-८० आहे, तेव्हा तसं करू नकोस. या व्हॉल्व्हला लागून असलेल्या पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. मोठा कंडेन्सर भरताना प्रत्येक झटक्याला इतका करंट ओढतो की व्हॉल्व्हच्या कॅथोडचं आयुष्य खाऊन टाकतो. गुणगुण जाईल, त्याबरोबर व्हॉल्व्हही जाईल.

आता माझी फजिती. डब्याखाली एक काळपट वॉशर होता, हात लावताच त्याचा भुगा झाला. मी तो झाडून टाकला, गंज घासला, आणि डबा उघड्या चॅसिसवर छान घट्ट आवळला. नव्या कंडेन्सरांचा मायनस आतून एका बारीक नटबोल्टने डब्याला जोडला होता, का तर मूळ जोडणी तशीच राहावी! आधी करंट आवरता राहावा म्हणून सिरीजमध्ये बल्ब लावून पाहिलं, धूर नाही, ठिणगी नाही. बल्ब काढून सरळ लाइनवर लावला. अर्ध्या मिनिटात आवाज आला तो फाटलेला, आणि खोलीतला दिवा मालवला तर ईएल-८४ च्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, आतली काळी प्लेट लालभडक होत चाललेली. प्लग कसा उपटला ते मलाच माहीत.

झालं होतं असं. या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरची मधली तार सरळ चॅसिसला जात नाही, १०० ओहमच्या एका रेझिस्टरमधून जाते. सगळ्या रेडिओचा करंट त्यातून वाहतो, त्यावर सुमारे ७ व्होल्ट पडतात, आणि तेच उणे ७ व्होल्ट ईएल-८४ च्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, मिळून त्याला लगाम लागतो. डबा त्या मधल्या तारेला जोडलेला, म्हणून तो चॅसिसपासून वेगळा ठेवायला तो वॉशर होता. मी ज्याला कचरा समजून झाडलं तो फिल्टरचाच एक भाग होता. डबा चॅसिसला टेकला, रेझिस्टर शॉर्ट झाला, लगाम सुटला. शेजारच्या भंगारातून हायलमचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या कडक पत्र्याचा, तुकडा आणला, गोल कापला, क्लॅम्पच्या आत जाड पुठ्ठा गुंडाळला. रेझिस्टरवर ७.१ व्होल्ट आले. व्हॉल्व्ह वाचला.

त्याच बैठकीत ईएल-८४ च्या ग्रिडकडे जाणारा मेणकागदाचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सरही बदलला, ६३० व्होल्टचा नवा टाकला. तो गळायला लागला तरी प्लेट अशीच लाल होते. तोही बदलून टाक. बाकी कंडेन्सरांना मी उगाच हात लावला नाही. आणि प्लग काढल्यावरही डब्यात २५०-३०० व्होल्ट टिकून राहू शकतात, रेझिस्टर लावून ते उतरव आणि मीटरने खात्री कर. घाई तुझा जुना रोग आहे.

आता स्पीकरला कान चिकटवला तरच गुणगुण ऐकू येते. काल आई म्हणाली, "आवाज तसाच आहे रे, पण यांच्या वेळी थोडं घूं घूं यायचं." म्हणजे डबा तेव्हाच म्हातारा झाला होता.

तुझा डबा काढण्याआधी त्याच्या खाली वॉशर आहे का बघ, तारा कुठे जातात त्याचा फोटो काढ. व्यास मोजून कळव. हायलम अजून वीतभर उरलंय, कापून पाठवतो.

तुझा,
बाळू