पिशवीचं तोंड बघितलं का?

महोदय,

एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. तरीही अशी गरोदर बाई ‘डाग दिसतोय’ (अंगावरून थोडं रक्त जातंय) म्हणाली की प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायचं हार्मोन) आणि बेडरेस्ट लिहून मोकळे होणारे आपल्या डॉक्टरांत आहेत. वार खाली नाही ना, एवढं सोनोग्राफीत बघावं आणि स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरायचं साधन) घालून पिशवीचं तोंड, म्हणजेच गर्भाशयमुख, डोळ्यांनी पाहावं. गरोदरपणात ते मुळातच लालसर, फुगीर असतं, तिथेच फसगत होते. शंका वाटली तर कॉल्पोस्कोपीत (भिंगातून गर्भाशयमुख बघण्याच्या तपासणीत) छोटा तुकडा तपासायला घ्यावा; रक्त जरा जास्त येतं, पण दाबून धरलं की थांबतं. गर्भाशयमुखाचा आतला मार्ग मात्र खरवडायचा नाही.

नुसते कर्करोगपूर्व बदल असतील, तर बाळंतपणापर्यंत थांबता येतं. कर्करोगच निघाला तर गाठ केवढी आणि किती आठवडे भरलेत, यावर सगळं ठरतं. पोटातलं बाळ वाचवायचं तर ओटीपोटाला रेडिएशन देता येत नाही. सिस्प्लॅटिन या औषधाची केमो गरोदरपणाच्या 14 आठवड्यांनंतर चालते. शेवटचा डोस आणि सिझेरियन यांत किमान तीन आठवडे हवेत, नाहीतर ऐन वेळी आईच्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात.

खरा घोळ होतो तो एआरटीचा (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचा) कागद एकीकडे आणि केमोचा दुसरीकडे राहिल्याने. एआरटीतलं टेनोफोविर आणि केमोचं सिस्प्लॅटिन दोन्ही मूत्रपिंडावर ताण आणतात. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन गरोदरपणात एरवीपेक्षा कमी असतं, म्हणून 1.0 हा आकडा ‘नॉर्मल’ छापून आला तरी खटकायला हवा. एआरटीतल्याच डोल्युटेग्रॅविरनेही तो आकडा किंचित वर सरकतो. तेव्हा घाबरून एआरटी बंद करू नये, एआरटी केंद्राला विचारून गोळी बदलावी. एआरटीत झिडोवुडिन चालू असेल तर केमोबरोबर हिमोग्लोबिन आणखी उतरतं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी डोल्युटेग्रॅविरसोबत घेतल्या तर डोल्युटेग्रॅविर अंगी लागत नाही. सोबतच घ्यायच्या तर जेवणाबरोबर. नाहीतर डोल्युटेग्रॅविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

बाळंतपणानंतर तपासणीला बाई पुन्हा येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाळाला मात्र सहाव्या आठवड्यात एचआयव्ही चाचणीसाठी आणतेच. त्याच दिवशी, त्याच इमारतीत आईची कॉल्पोस्कोपी ठेवावी.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सोलापूर