पाऊण व्हायोलिन मंगळवारी पोचवतो

आदरणीय सर आणि ताई,

सा. न. वि. वि.

(हा मायना लिहिला तर पोरगी मागून डोकावली. म्हणाली, "पप्पा, पत्रसुद्धा 'सा' पासूनच का?" तुमच्या व्हायोलिनच्या वर्गात जाऊन लेकरं अशी होतात.)

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, पण तुमची नावं लिहीत नाही. गुरुपौर्णिमेला आम्ही पालकांनी शाल-श्रीफळासाठी वर्गणी काढली, तर सर म्हणाले, "शाली घरात ढीगभर पडल्यात. त्या पैशात तारांचे दोन सेट आणा." सेट आले, विषय संपला. ताई तर हाराचं नाव काढलं की तंबोरा लावायला बसतात. मग आभार मानायचे कुठं? ज्यांना ओळखायचंय ते लातुरात ओळखतीलच.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. जळालेली सबमर्सिबल खोलायची, जुनी तार काढायची, गेज बघून नवी भरायची. संगीताशी संबंध म्हणजे दुकानातला रेडिओ आणि गावच्या सप्त्यातलं भजन. २०१६ च्या उन्हाळ्यात आधी कोरड्या बोअरमध्ये चालून चालून मोटारी जळाल्या, दुकान भरून गेलं. मग बोअरच आटले. दुरुस्त झालेल्या मोटारी न्यायलासुद्धा कुणी येईना. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती बघायला मीही स्टेशनवर गेलो होतो. दोन वर्षांनी पोरीला घेऊन वर्गात आलो तेव्हा सर गवसणीतून तंबोरा काढत होते. कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मिरजेचा. मिरजेनं लातूरला दोन गोष्टी दिल्या, पाणी त्यातलं दुसरं." तेव्हा नीट कळलं नाही. घरी जाताना गाडीवर हसू आलं.

जून २०१८. पोरगी दुसरीत. तुमच्याकडं व्हायोलिनं अकरा आणि लेकरं चोवीस. ताईंनी तिचा हात लांब करून मापला आणि म्हणाल्या, "हिला पाव द्या." कुणाला अर्धं, कुणाला पाऊण, हाताच्या लांबीप्रमाणं व्हायोलिनचं माप. मला वाटलं, मंडईत आलो की काय. घरी माझ्या आईनं ते पाव व्हायोलिन उलटंपालटं करून बघितलं आणि निकाल दिला, "तुणतुणंच की हे. चार तारांचं." तिचं माहेर तुळजापूरकडचं, गोंधळ ऐकत वाढलेली. पण पहिल्या महिन्यात घरात जो आवाज निघायचा त्याला तुणतुणं म्हणणं हा गोंधळ्यांचा अपमान होता. वंगण संपलेलं बेअरिंग असं किंचाळतं.

आता पहाऱ्याचं सांगतो, कारण बाहेरच्यांना हे माहीत नाही. सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारे लागतात, एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सरांनी तेच उचललं. भिंतीवर एक तक्ता, वर खडूनं लिहिलेलं 'पहारा', खाली अकरा वाद्यं आणि चोवीस नावं. तीन दिवस वाद्य तुमच्या घरी, चौथ्या दिवशी पुढच्या लेकराच्या घरी. आणि पोचवायचं लेकरानंच, आई-बापानं फक्त गाडी चालवायची. रात्री वर्गाच्या कपाटात एकही व्हायोलिन सापडता कामा नये, हा नियम. देताना समोरच्याला सांगायचं: कुठली खुंटी सरकते, गजाला लावायची राळ किती उरली, गज सैल करून ठेवलाय का. ह्या पहाऱ्यापायी मी गंजगोलाईमागच्या गल्लीत एका हमालाच्या घरी चहा प्यालोय आणि एका डॉक्टरांच्या बंगल्यावर कुत्र्याला भिऊन फाटकाबाहेर उभा राहिलोय. दोन्हीकडं आमची सात वर्षांची पोरगी मोठ्या माणसासारखी सांगत होती, "जाड तारेची खुंटी दाबून फिरव, नाहीतर सुटते." इतक्या वर्षांत एकच व्हायोलिन फुटलं, तेही एका पालकाच्या गाडीवरून. तो पालक मी नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

ताई, तुमच्या पट्ट्यांचंही सांगायला पाहिजे. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात, व्हायोलिनला काहीच नसतं. म्हणून तुम्ही लहान लेकरांना रे कुठं, ग कुठं ह्याच्या बारीक चिकटपट्ट्या लावून द्यायच्या. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "पप्पा, माझा गंधार कुणीतरी चोरला." मी तक्त्यावर आधीचं नाव कुणाचं होतं ते आठवून त्या घरी फोन करणार होतो. मग कळलं की तुम्हीच तारा लावायच्या निमित्तानं वाद्य हातात घेऊन एक पट्टी काढली होती. दोन आठवड्यांपूर्वी. दोन आठवडे ती त्या पट्टीशिवाय वाजवत होती आणि तिला पत्ता नव्हता.

वाजवायच्या आधी गायचं, हा तुमचा दुसरा हट्ट. लेकरं मांडी घालून बसलेली, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकलेलं, गज मांडीवर आडवा, आणि सगळी भूप रागाची सरगम गातायत. गज हातात घ्यायला अर्धा तास लागायचा. पालकांत कुरकुर होती, त्यात माझीही होती. मग एका रविवारी तुम्ही आम्हालाच बसवलंत आणि डी. के. दातारांचं आणि एन. राजम यांचं व्हायोलिन ऐकवलंत. गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, हे मला त्या दिवशी कळलं. आता दुकानात कॉइल भरताना दातार चालू असतात. गिऱ्हाइकं विचारतात, कोण गेलं का घरात.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ज्याच्याकडं जे वाद्य होतं ते त्याच्याकडंच राहिलं. आमच्याकडं अर्धं होतं. एप्रिल संपता संपता ऊन असं तापलं की लाकूड आटलं आणि चारी खुंट्या एका रात्रीत सुटल्या. तारा दोरीसारख्या लोंबायला लागल्या. सर, मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही म्हणालात, "तुम्ही तारेचीच माणसं, लावा की." मी म्हणालो, आमची तांब्याची तार सुरात लावावी लागत नाही. तुम्ही ऐकलं नाही. घोडी, म्हणजे तारांखालची उभी लाकडी पट्टी, सरळ आहे का बघा. खुंटीला खडू लावा. आत दाबत दाबत पिळा, एकदम नाही. तिकडून तुम्ही तार छेडायचा, इकडं मी. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यात बारीक तार तुटून अंगठ्यावर बसली. मी घाबरून गप्प. तुम्ही म्हणालात, "तुटू द्या, तुटायलाच असते ती." दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं पिशवीबरोबर कागदाची पुडी दिली, आत नवी तार.

अकरा दिवस लागले मला. मधे एकदा जाड तार भिंगाखाली धरून बघितली, तर तिच्यावर केसापेक्षा बारीक तार गुंडाळलेली, एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. पंचवीस वर्षं वाइंडिंग करतोय, असा हात मी बघितला नाही. नवव्या-दहाव्या दिवशी तुम्ही विचारलंत, "दुकानात बेअरिंग गेलंय हे कसं ओळखता?" म्हटलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला. आवाज फाटला की कळतं. तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "मग तुमचा कान चांगला आहे, तो बंद पडलाय एवढंच." मला शाळेत गुरुजींनी समूहगीतातून उठवून मागं बसवलं होतं, आवाज नको म्हणून. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. अकराव्या दिवशी पंचम लागला. तुम्ही फोनवर "थांबा" म्हणायच्या आधी मी थांबलो होतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

२०२४ ला पोरगी आठवीत गेली. लातुरात आठवी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. परीक्षांची घासून तयारी करून घेणारा 'लातूर पॅटर्न' दहावी-बारावीत सुरू होतो असं लोकांना वाटतं, आता तो आठवीच्या फाउंडेशनपासून सुरू होतो. रोज संध्याकाळी पाच ते आठ क्लास. तुमचा वर्गही त्याच वेळेला. त्याआधी मी तुम्हाला दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण कसे मिळतात, त्याला किती परीक्षा द्याव्या लागतात, हे दोनदा विचारून गेलो होतो. तुम्ही दोन्ही वेळा न चिडता सांगितलंत. आता हिशेब घातला आणि फाउंडेशन जड निघालं.

सांगायला आलो तेव्हा पोरगी बाजूलाच उभी होती. मी म्हणालो, "सर, तिचंच मन लागत नाही आता." हे खोटं होतं. तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं. बापानं वर्ग सोडवला असं ऐकू येऊ नये म्हणून मी तिच्या नावावर घातलं. ती खाली बघत होती. तुम्ही तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय गं, खरं का?" असं विचारलं असतं तर तिला माझ्यासमोर मला खोटं पाडावं लागलं असतं, नाहीतर माझं खोटं स्वतःच्या तोंडानं खरं करावं लागलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत. एवढंच म्हणालात, "रविवारी क्लास कितीला असतो हिचा?" मी म्हणालो, दहाला. "मग सहा ते आठ या. आणि पाऊण घेऊन जा, पहारा तुझाच आहे."

पुढच्या रविवारी सहाला चार लेकरं होती. सगळी आठवी-नववीतली, सगळ्यांचे बाप माझ्यासारखेच काहीबाही सांगून गेलेले. आता नऊ आहेत. सर थंडीत मफलर गुंडाळून स्कूटरवर येतात. ताई औशाहून पहिल्या एसटीनं येतात आणि उतरल्या उतरल्या नऊ व्हायोलिनं लावायला बसतात. ह्याची वेगळी फी मी विचारली, तर ताई म्हणाल्या, "रविवारचा चहा तुमच्याकडं." तेवढा आणतो, थर्मासमध्ये.

पोरीची माफी मी घरी मागितली. तुमची इथं मागतो.

तिनं आता पूर्ण व्हायोलिन धरलंय, हप्त्यानं घेतलं. त्यामुळं पाऊण परत. तक्त्यावर पुढचं नाव सहावीतल्या एका मुलाचं आहे. मंगळवारी आम्ही त्याच्या घरी पोचवतो, सांगायचं ते तीच सांगेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मोटारवाला पालक

ता. क. घोडीजवळ एक चरा आहे, तो आमच्याकडचाच. जाड तारेची खुंटी अजून सरकते, खडू लावलाय. राळेचा अर्धा तुकडा डबीत आहे.