टेस्ट वगळू दिली नाहीत, त्याबद्दल

नमस्कार,

तुमची-माझी ओळख नाही. तरीही एका सॉफ्टवेअर पॅकेजचा बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम, का पडतोय हे शोधायला तुम्ही माझ्याबरोबर तीन रात्री जागलात. त्याचे आभार मला सगळ्यांसमोर मानायचे आहेत.

पॅकेज 64 बिटवर बिनतक्रार बिल्ड व्हायचं. 32 बिट इंटेलवर, म्हणजे आय386वर, मात्र एकाच टेस्टपाशी अडायचं. बिंदूंची अंतरानुसार क्रमवारी लावणारी टेस्ट. लॉग वाचून वाचून पाठ झाला होता. शेवटी त्या आर्किटेक्चरपुरती टेस्टची पायरीच वगळायची, असा पॅच मी तयार केला. तो पाहून तुम्ही एवढंच विचारलंत, “ऑप्टिमायझेशन बंद करून पाहिलंत का?”

वेगासाठी कंपायलर कोडात करतो ते बदल बंद केले, टेस्ट पास. पुन्हा सुरू केले आणि तुम्ही सांगितलंत तशी तुलनेच्या फंक्शनमध्ये अंतर छापणारी एक ओळ घातली, तरीही पास! चूक बघायला गेलं की चूक गायब. मी चक्रावलो, तुम्हाला मात्र तिथेच उलगडा झाला. एक्स87मध्ये, म्हणजे 32 बिट इंटेलच्या दशांश आकडेमोडीच्या जुन्या भागात, आकडेमोड 80 बिटांच्या रजिस्टरात (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) होते; तोच आकडा मेमरीत गेला की 64 बिटांचा डबल (दशांश आकड्याचा एक प्रकार) होतो आणि शेवटचे बिट गळतात. आमचं फंक्शन दर तुलनेला अंतर नव्याने काढायचं. एक अंतर रजिस्टरात राहिलं आणि दुसरं मेमरीतून फिरून आलं, की एखादा बिंदू स्वतःपेक्षाच लहान ठरायचा. 64 बिटवर हे काम एसएसई2, म्हणजे प्रोसेसरच्या नव्या सूचनांचा संच, करतं, तिथे रजिस्टरातही डबल 64 बिटांचाच, म्हणून तिथे सगळं आलबेल. जीसीसी या कंपायलरचा बग क्रमांक 323, 2000 सालापासूनचा, तुम्हीच वाचायला दिलात.

मग टेस्टमधली तुलना थोडी सैल करतो, असं मी म्हणालो. तुम्ही तेही करू दिलं नाहीत. टेस्ट बरोबर आहे, कोड चुकतोय, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. अशी विसंगत तुलना सॉर्टला, म्हणजे क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनला, दिली तर नुसता क्रम बिघडून भागत नाही, सॉर्ट अॅरेच्या हद्दीबाहेरही वाचू शकतो. म्हणजे माझ्या पॅचने बिल्ड हिरवा झाला असता आणि प्रोग्राम वापरणाऱ्याच्या हातात कोसळला असता. हे कळलं तेव्हा मी हादरलो.

एसएसई2ची सक्ती करणंही आपण टाळलं, कारण ते नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर पॅकेज चाललं नसतं. आता प्रत्येक बिंदूचं अंतर एकदाच काढून अॅरेत ठेवतो आणि तुलना त्या ठेवलेल्या आकड्यांचीच करतो. बदल जेमतेम दहा-बारा ओळींचा. टेस्टला हातही लावला नाही, आणि काल आय386चा बिल्ड पार पडला.

त्या बदलाची नोंद चेंजलॉगमध्ये अजून माझ्या एकट्याच्या नावावर आहे. तिथे तुमचं नाव लिहायची परवानगी द्याल का?

आपला,
त्या पॅकेजचा मेंटेनर