मदत काढून घेण्याचीही आखणी हवी

महोदय,

स्वमग्न मुलांच्या शिक्षणासंबंधी जे लेखन वाचनात येते, त्यात ॲप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजेच एबीए, या कौशल्याच्या छोट्या पायऱ्या करून आणि योग्य कृतीला बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीची चर्चा बहुधा आठवड्याला किती तास आणि बक्षीस कोणते, एवढ्यावरच थांबते. शिकवणाऱ्याचा खरा कस लागतो तो प्रॉम्प्टिंगमध्ये, म्हणजे मुलाकडून योग्य कृती व्हावी म्हणून दिल्या जाणाऱ्या मदतीत. त्याविषयी क्वचितच लिहिले जाते. विशेष शिक्षिका या नात्याने त्याबद्दल थोडे मांडते.

हात धरून करवून घेणे, करून दाखवणे, बोटाने खुणावणे, तोंडी सांगणे, चित्रे लावून ठेवणे हे मदतीचे प्रकार पालकांना सांगितले जातात. ती मदत कधी आणि कशी काढून घ्यायची, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. हात धुण्याचेच पाहा. 'नळ सोड', 'साबण घे', 'चोळ' असे प्रत्येक पायरीला सांगत गेले, की काही दिवसांनी मूल नळ सोडते आणि ओले हात तसेच पुढे धरून मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहत उभे राहते. साबण समोरच असतो आणि तो कशासाठी आहे हेही त्याला ठाऊक असते. परंतु आपला आवाज ऐकल्यावरच साबण घ्यायचा, असे आपणच त्याला शिकवून ठेवलेले असते. तोंडी सूचना देणे सर्वांत सोपे आणि ती बंद करणे सर्वांत अवघड, हा या क्षेत्रातील अनेकांचा अनुभव आहे. म्हणूनच अशा कामांत मागे उभे राहून, न बोलता हाताला आधार द्यावा, तो आधार पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर न्यावा आणि शेवटी हात नुसता जवळ ठेवून तोही मागे घ्यावा. संभाषण शिकवताना हा घोटाळा अधिकच ठळक दिसतो. 'तुझे नाव काय? म्हण, रोहन' असे विचारल्यावर कित्येक मुले 'म्हण, रोहन' असेच उत्तर देतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

याचा अर्थ मदतच करू नये, असा नव्हे. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांनी १९६३ मध्ये कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते, की शिकणाऱ्याला जवळजवळ चुकू न देताही दोन रंगांतील फरक शिकवता येतो. नवे कौशल्य शिकवताना आधी भरपूर मदत द्यावी आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करावी, या पद्धतीमागे हाच विचार आहे. संशोधक पॉल टूशेट यांनी १९७१ मध्ये मांडलेली विलंबाची रीत मला सर्वांत उपयोगी वाटते. तिच्यात सुरुवातीला काम सांगताक्षणीच मदत दिली जाते, आणि पुढे काम सांगणे व मदत देणे यांच्यामध्ये दोन, चार असे सेकंद वाढवत नेले जातात, जेणेकरून त्या मोकळ्या क्षणात मुलाने आपणहून कृती करावी. ते चार सेकंद गप्प राहणे मोठ्यांनाच जमत नाही, ही गोष्ट वेगळी! कौशल्य अर्धेमुर्धे येत असेल, तर मात्र उलट क्रम बरा: आधी थांबावे, मग खुणावावे आणि गरज पडली तरच हात लावावा. शिवाय मदतीने केलेल्या आणि आपणहून केलेल्या कृतीला सारखेच कौतुक मिळत राहिले, तर मुलाने आपणहून का करावे?

हात धरण्याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. मूल हात सोडवून घेत असेल, अंग ताठ करत असेल किंवा रडत असेल, तर त्याचा हात धरून कृती पुरी करवून घेणे ही मदत नसून बळजबरी आहे. एबीए पद्धतीच्या आरंभीच्या काळात मुलांना शिक्षाही केल्या गेल्या, आणि आज अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्ती तिच्यावर जी टीका करतात, तिचा रोख बऱ्याच अंशी अशाच सक्तीवर आहे. ती टीका झटकून टाकण्याऐवजी अशा वेळी हात सोडावा, काम छोटे करावे किंवा शेवटची एकच पायरी मुलाकडे ठेवून बाकीच्या आपण कराव्यात.

पालकांना माझी विनंती आहे, की मुलाच्या प्रगतीची नोंदवही पाहताना केवळ 'जमले' हा शेरा वाचून समाधान मानू नये. कोणत्या पायरीला कोणती मदत लागली, गेल्या महिन्यात त्याच पायरीला काय लागत होते आणि ती मदत कमी करण्याचा निकष कोणता, हे तिच्यात लिहिलेले असायला हवे. नसेल, तर ते लिहून मागावे. वर्गात मुलाशेजारी बसणाऱ्या शॅडो टीचरलाही हेच लागू आहे. तिने आज कुठे बसायचे, कधी एक बाक मागे सरकायचे आणि मूल अडल्यावर किती वेळ थांबायचे, हे शिक्षक आणि पालकांनी मिळून सत्राच्या सुरुवातीलाच ठरवावे.

– एक विशेष शिक्षिका