नोकरी सांभाळून बी.आय. शिकायचं असेल तर

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

बिझनेस इंटेलिजन्सच्या, म्हणजे धंद्याच्या डेटातून निर्णयाला उपयोगी माहिती काढण्याच्या, मास्टर्सला नाव घालू का, असं तू फोनवर विचारलंस. फोनवर याचं ‘घाल’ किंवा ‘नको’ एवढंच उत्तर देता येतं आणि दोन्ही अर्धवट. हिशेब मांडूनच सांगतो.

आधी तास. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. वर्ग, वाचन, असाइनमेंट सगळं त्यातच. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. सत्राचे अठरा आठवडे धरले तर एका विषयाला आठवड्याला साडेसहाच्या वर तास लागतात, चार विषयांना जवळजवळ सत्तावीस. मकरपुऱ्यात सहा दिवस डिस्पॅच बघणाऱ्या माणसाला सत्तावीस तास मिळणार नाहीत. तेरा मिळतील: सोमवार ते शनिवार पहाटे दीड-दीड तास आणि रविवारी चार. म्हणजे सत्राला दोनच विषय. त्यासाठी फी विषयामागे आहे की सत्रामागे, आणि डिग्री जास्तीत जास्त किती वर्षांत पुरी करावी लागते, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घे. फी सत्रामागे असेल तर दोन-दोन विषय घेऊन शिकणं महाग पडतं, आणि मग लोक चार विषय घेतात नि दोन सोडतात.

रात्री शिकेन म्हणू नकोस. व्हिडिओ रात्री बघून होतो. क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) का चुकली हे शोधायला ताजं डोकं लागतं.

तुझ्या कामाचं पंचांगही समोर ठेव. दर महिन्याची अकरा तारीख जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणाची; वीस तारीख ३बी ची, म्हणजे कर भरायच्या विवरणाची. त्याआधीचे दोन-तीन दिवस तुमच्याकडे अकाउंट्सवाले बिलं मागत डिस्पॅचच्या टेबलाशी उभे असणार. जानेवारी ते जूनच्या सत्राच्या ऐन मध्यावर ३१ मार्च येतो, तेव्हा त्या सत्रात जड विषय घेऊ नकोस. डेटा वेअरहाउसिंग (कंपनीचा सगळा डेटा एका कोठारात नीट मांडणं) आणि स्टॅटिस्टिक्स जुलैच्या सत्रात घे. तिथे नवरात्र आडवी येते हे खरं. बडोद्यात त्या नऊ रात्री कोणी अभ्यास केल्याचं ऐकिवात नाही, म्हणून त्या आठवड्यातली असाइनमेंट घटस्थापनेच्या आधीच देऊन टाक.

आता विषयाचं. सिलॅबस चाळलास की पॉवर बीआय, टॅब्लो (दोन्ही रिपोर्ट आणि चार्ट काढायची सॉफ्टवेअर), पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) अशी नावं दिसतील आणि वाटेल की हेच शिकायचं आहे. हे भाग सोपे आहेत, कुठेही शिकता येतात. ज्यासाठी दोन-तीन वर्षं द्यावीत तो भाग दुसराच: तक्त्यातली एक ओळ नेमकी कशाची आहे, हे आधी ठरवणं. याला ग्रेन म्हणतात. डेटा वेअरहाउसिंगवर लिहिणारे राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत क्रमच असा आहे: आधी व्यवहार निवडा, मग ग्रेन ठरवा, मग डायमेन्शन (गिऱ्हाईक, माल, तारीख अशा ज्या बाजूंनी आकडे बघायचे त्या), शेवटी आकडे. बहुतेक विद्यार्थी उलटे जातात. आधी चार्ट काढतात आणि तो का जुळत नाही हे परीक्षेच्या आदल्या रात्री शोधतात.

तुझ्याच कामातलं उदाहरण घे. एका बिलात पाच आयटम आहेत आणि बिलावर भाडं १,२०० रुपये. बिलाचा तक्ता आयटमच्या तक्त्याशी जोडलास की भाडं पाचही ओळींवर उतरतं आणि बेरीज ६,००० येते. विक्रीची बेरीज मात्र बरोबर येते, कारण ती आयटमच्या ओळीवरच होती; म्हणून चूक लगेच दिसत नाही. उपाय दोन. भाडं वजनाच्या किंवा किमतीच्या प्रमाणात आयटमवर वाटायचं, किंवा बिलाच्या पातळीचा तक्ता वेगळाच ठेवायचा. कुठला उपाय घ्यायचा हे सॉफ्टवेअर सांगत नाही. भाडं कोण बघणार आहे नि कशासाठी, हे ठाऊक असलेला माणूस सांगतो, आणि इथेच तू कॉलेजातून थेट आलेल्या पोरांच्या पुढे आहेस.

अशीच आणखी काही ठिकाणं आहेत. गोदामात रोज १०० पोती शिल्लक असली तर महिन्याची शिल्लक ३,००० पोती होत नाही; शिल्लक गोदामांवर बेरजेला चालते, दिवसांवर चालत नाही. टक्क्यांची सरासरी तर काढूच नये. एका शाखेची विक्री दहा लाख आणि मार्जिन २० टक्के, दुसरीची एक लाख आणि ५ टक्के. सरासरी साडेबारा येते, खरं मार्जिन १८.६ टक्के. आणि सेल्समन ऑक्टोबरात आणंदहून भरूचला गेला तर मास्टरमध्ये (सेल्समनच्या मूळ यादीत) नुसतं भरूच लिहू नये, नाहीतर एप्रिल ते सप्टेंबरची आणंदची विक्रीसुद्धा भरूचच्या नावावर जाते. त्याची दुसरी ओळ करायची, नवा ओळखक्रमांक (‘की’) द्यायचा, ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशा दोन तारखा ठेवायच्या. पुस्तकात याला टाइप-२ म्हणतात.

याच्यापुढे इतिहासाचं युनिट किरकोळ आहे. ‘बिझनेस इंटेलिजन्स’वर लिहिणारे आय.बी.एम.चे लुन १९५८, डेटा तक्त्यांत मांडायचं कॉड यांचं रिलेशनल मॉडेल १९७०, मग इनमन आणि किंबॉल यांचे दोन पंथ: आधी सबंध कंपनीचं कोठार बांधायचं, की एकेका व्यवहारापासून सुरू करून सामाईक डायमेन्शननी जोडत जायचं. एका रविवारात होतं.

एसक्यूएलला, म्हणजे तक्त्यांना प्रश्न विचारायच्या भाषेला, मात्र प्रवेशाआधीच दोन महिने दे. सरावाला पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे. जॉइन (तक्ते जोडणं), ग्रुप बाय (गटवार बेरजा) आणि विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून चालू बेरीज, क्रमांक वगैरे) हात चालेपर्यंत करायचे. दोन खड्डे आधीच सांगतो. लेफ्ट जॉइन (डाव्या तक्त्याच्या सगळ्या ओळी ठेवणारा) करून उजव्या तक्त्याची अट व्हेअरमध्ये, म्हणजे शेवटच्या गाळणीत, घातलीस की तो गुपचूप इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) होतो, आणि ज्यांनी काहीच घेतलं नाही ती गिऱ्हाइकं यादीतून गायब होतात; अट ऑनमध्ये, म्हणजे तक्ते जोडायच्या कलमात, घालायची. दुसरं, नॉट इनच्या (‘या यादीत नसलेले’) आतल्या यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला तरी उत्तरात एकही ओळ येत नाही. तिथे नॉट एक्झिस्ट्स वापर.

तुमच्याकडे सगळं टॅलीतून एक्सेलला निघतं, तेव्हा सफाईचं काम तुला चुकणार नाही. तारखा अमेरिकन पद्धतीने वाचल्या गेल्या तर ४ जुलैचा ७ एप्रिल होतो आणि १३ तारखेपासून पुढचं सगळं नुसतं अक्षर म्हणून पडून राहतं. अर्धा महिना वर्षभर विखुरलेला दिसला की समजायचं. पॉवर क्वेरीत (एक्सेल आणि पॉवर बीआयमधलं डेटा साफ करायचं साधन) तारीख ठरवताना लोकेल, म्हणजे देशाची पद्धत, भारताचं दे. एचएसएन कोडचा (जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा क्रमांक) कॉलम टेक्स्टच ठेव, नाहीतर दुधाचा ०४०१ नुसता ४०१ होतो. गावांच्या कॉलमात बडोदा, बरोडा आणि वडोदरा ही तीन गावं निघतीलच (आपण लोक कुठल्याच एका नावावर कधी थांबलो नाही). त्याला कुठलं नाव कुठल्या एका नावाखाली धरायचं याचा एक नकाशातक्ता करावा लागतो. गिऱ्हाइकाची ओळख नावावर ठेवू नकोस. जीएसटीआयएनवर, म्हणजे जीएसटीच्या नोंदणी क्रमांकावर, ठेव. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे, गुजरात २४, महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं पॅन. एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या नोंदी एकत्र करायला ती दहा अक्षरं पुरतात.

लॅपटॉप विंडोजचा घे, कारण पॉवर बीआय डेस्कटॉप मॅकवर चालत नाही. मेमरी ८ जीबीत निभतं, १६ असली तर चिडचिड कमी. डेस्कटॉप फुकट आहे, पण रिपोर्ट ऑनलाइन ठेवायला कॉलेजचा किंवा ऑफिसचा मेल लागतो, जीमेल चालत नाही. कॉलेज असा मेल देतं का, हेही विचार. आणि आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं. वर्षअखेर ३१ मार्च हे फॉर्म्युल्यात सांगितलं नाहीस तर वर्षाची बेरीज जानेवारीपासून सुरू होते.

प्रोजेक्टला विषय लहान घे. ऑर्डर आल्यापासून माल पोचेपर्यंत उशीर कुठे होतो, एवढाच. त्यात ऑर्डरची, गाडी सुटल्याची आणि माल पोचल्याची अशा तीन तारखा येतात. पॉवर बीआयमध्ये दोन तक्त्यांत (इथे ऑर्डरींचा आणि तारखांचा) एका वेळी एकच नातं चालू राहतं. बाकीची दोन यूझरिलेशनशिप या फंक्शनने जागी करावी लागतात. हे एवढं नीट केलंस तरी व्हायव्हाला तासभर बोलता येईल. ऑफिसचा डेटा मात्र मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पेनड्राइव्हवरसुद्धा घेऊ नकोस. परवानगी मिळाली तरी पार्टीची नावं, फोन, भाव काढून टाकायचे. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे, आणि त्याहून जवळचं म्हणजे नोकरी आहे. परवानगी नाहीच मिळाली तर सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवरून घे.

ग्रुपमध्ये काम आलं तर पहिल्याच दिवशी एका पानावर व्याख्या लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: विक्री करासह की करावेगळी, परत आलेला माल वजा की नाही, ‘उशीर’ किती दिवसांनंतर. चौघांचे चार आकडे येतात ते इथूनच.

राहिलं डिग्रीचं. ऑनलाइन किंवा दूरस्थ असेल तर तो कोर्स यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत, त्याच वर्षासाठी, नावानिशी आहे का ते स्वतः बघ. एजंटाच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नकोस. मोठ्या संस्थांचे ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम’ बरेचदा सर्टिफिकेट देतात, डिग्री नव्हे. तुमच्या कंपनीत बढतीला डिग्रीच लागते का, हे एच.आर.ला आधी विचार. लागत नसेल तर सर्टिफिकेट आणि वर सांगितलेले एसक्यूएलचे दोन महिने, एवढ्यावरही तुझं काम भागेल असं मला वाटतं.

सिलॅबसची पीडीएफ पाठव. डेटा मॉडेलिंगला स्वतंत्र विषय आहे की दुसऱ्या कशाखाली एक युनिट, ते बघून कळवतो. एकच युनिट असेल तर फी भरायची थांब.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत