नावे-जमा कॉम्प्युटरवर पण मराठीतच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझ्या सुनेचा फोन आला, आई, आम्ही वर्षभर घराचा हप्ता भरतोय पण कर्ज तर काही कमी झालेलं दिसतच नाही, बँकेचं काही चुकतंय का. मी तिला म्हटलं बँकेचं काही चुकत नाहीये, तू फक्त हप्ता एका ओळीत लिहितेस म्हणून तुला दिसत नाहीये. त्यांचं कर्ज 25 लाखांचं, साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी, हप्ता 21,696 रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 17,708 रुपये नुसतं व्याज असतं आणि मुद्दलात जातात 3,988. वर्षाला 2 लाख 60 हजार भरले तरी कर्ज कमी होतं ते जेमतेम 50 हजारांनी. मोबाइलवरच्या तिच्या अ‍ॅपमध्ये हे सगळं "ईएमआय" या एका डब्यात पडत होतं आणि वर्षाअखेर तिला एक गोल रंगीत चित्र दिसत होतं, त्यातून काय कळणार.

मी एका पतसंस्थेत 27 वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत, कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी), ताळेबंद (मालमत्ता आणि देण्यांचा तक्ता) हे शब्द माझ्या तोंडात बसलेले आहेत. त्यामुळे ज्याला घरचा हिशेब खरंच समजून घ्यायचाय त्याच्यासाठी मला जे सापडलंय ते आपल्या वाचकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. तो हिशेब लिहायचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे, नाव ग्नूकॅश. ओपन सोर्स आहे, म्हणजे पैसे लागत नाहीत आणि तो आतून कसा बनवलाय ते सगळ्यांना बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. पहिली पक्की आवृत्ती 1998 ची आणि जगभरातली स्वयंसेवक मंडळी आजपर्यंत तो सांभाळत आलेली आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो.

मी आधी मोबाइलचंच अ‍ॅप वापरत होते. तीन वर्षं रोज रात्री त्यात खर्च टाकला, अगदी कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत. मग एक दिवस मेल आला की आम्ही सेवा बंद करतोय, अमुक तारखेच्या आत तुमची माहिती उतरवून घ्या. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी, मेल बघितला तेव्हा तारीख उलटून गेली होती. तीन वर्षांच्या नोंदी गेल्या, आणि त्यात माझ्या मिस्टरांच्या आजारपणाचा सगळा खर्च होता जो मला मेडिक्लेमच्या भांडणात हवा होता. हे माझ्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही, मोठ्या कंपन्यांचंही होतं, मायक्रोसॉफ्टने मनी हे त्यांचं घरगुती हिशेबाचं सॉफ्टवेअर 2009 मध्ये विकायचं थांबवलं, अमेरिकेत लाखो लोक वापरत होते ते खर्चाच्या हिशेबाचं मिंट 2024 मध्ये बंद झालं. कंपनीला परवडत नाही म्हणून ती बंद करणार, तिच्या बाजूने ते बरोबर असेल पण वही माझी आहे ना, ती माझ्या कपाटात नको का?

ग्नूकॅशची वही आपल्या कॉम्प्युटरवरच राहते, एक फाइल, कुठे लॉगिन नाही, मोबाइल नंबर नाही, बँकेचे एसएमएस वाचायची परवानगी मागत नाही. उद्या ते काम करणारे सगळे घरी बसले तरी माझ्याकडचा प्रोग्राम आणि माझी फाइल चालू राहणार.

बसवायला अवघड नाही. त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवायचा, दुसरीकडून नाही, आणि नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं, शेजारच्या बारावीतल्या मुलाने मला दहा मिनिटांत करून दिलं. लिनक्सवाल्यांना तर एका ओळीची कमांड पुरते. पहिल्यांदा उघडला की तो खात्यांचा आराखडा विचारतो, तिथे चलन भारतीय रुपया आहे का ते बघून घ्यायचं आणि तयार आराखड्यातला साधा घ्यायचा, मग नावं आपली द्यायची. नावं देवनागरीत चालतात. माझ्याकडे किराणा, दूध, गॅस सिलिंडर, औषधं, देणगी-वर्गणी, आहेर अशी खाती आहेत, आणि एकदा लिहिलं की पुढच्या वेळी "कि" टाईप केलं तरी मागची किराण्याची पूर्ण नोंद तो स्वतः आणून ठेवतो. आणि एक, सेटिंगमध्ये हिशेबाचा काळ 1 एप्रिल ते 31 मार्च करून घ्या, नाहीतर रिपोर्ट आपल्या आर्थिक वर्षाला जुळत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हा प्रोग्राम द्विनोंदी पद्धतीवर चालतो, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं, पैसे कुठून गेले आणि कुठे आले. अकरावी कॉमर्सला पुस्तपालन शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल, घेणारा नावे देणारा जमा, येणारी वस्तू नावे जाणारी वस्तू जमा (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट). एक टोक लिहायचं राहिलं तर ग्नूकॅश ती रक्कम "इम्बॅलन्स" नावाच्या खात्यात टाकून ठेवतो आणि ते खातं यादीत दिसत राहतं, म्हणजे विसरता येत नाही. सुनेचा हप्ता मी तिला असाच लिहायला लावला, बँक खात्यातून 21,696 गेले, त्यातले 3,988 गृहकर्ज खात्यात आणि 17,708 कर्जावरच्या व्याजात, एकाच नोंदीच्या तीन ओळी. दर महिन्याची नोंद आपोआप पडायची सोय आहे पण व्याज-मुद्दलाचे आकडे दर महिन्याला बदलतात त्यामुळे बँकेच्या तक्त्याशी ताडून घ्यायचे. बारा महिन्यांच्या नोंदी केल्यावर ती स्वतःच म्हणाली की दिवाळीच्या बोनसचे पैसे सोफ्याला नको, मुद्दलात भरू.

दुसरं जे मला फार आवडलं ते बँकेशी जुळवणी. पासबुकातली शेवटची तारीख आणि शिल्लक टाकायची, समोर आपल्या नोंदी येतात, एकेकीवर टिक करत जायचं आणि खाली फरक शून्य आला पाहिजे, शून्य आला की त्या नोंदींपुढे छोटं "वाय" पडतं आणि नंतर कुणी त्यांना हात लावायला गेलं तर प्रोग्राम आधी विचारतो. गेल्या जुलैत माझा फरक 540 येत होता. पतसंस्थेत आमचे जुने हिशेबनीस सांगायचे, फरकाला आधी 9 ने भाग जातो का बघ, जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत. 540 ला 9 ने भाग जातो. वीज बिल उघडलं तर 1,280 चं मी 1,820 लिहिलेलं. अर्धा तास गेला पण तो शून्य बघितल्यावर जे समाधान वाटतं ते ज्याने मार्चअखेर रात्री अकरापर्यंत तेरीज जुळवली आहे त्यालाच कळेल.

त्रुटी आहेत त्याही सांगते. फाइलला पासवर्ड लागत नाही, तेव्हा कॉम्प्युटरला तरी पासवर्ड ठेवा, आणि फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा (प्रोग्राम दर वेळी सेव्ह करताना जुनी प्रत बाजूला ठेवतो पण त्या प्रती ठरावीक दिवसांनी जातात, आणि डिस्कच गेली तर सगळंच गेलं). हा कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे, फोनचा नाही, दिवसभराचा यूपीआयचा खर्च मी एका छोट्या डायरीत लिहिते आणि रात्री भरते. बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही फाइलमध्ये (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलमध्ये) मिळालं तर आत ओढता येतं पण पहिल्यांदा कुठला रकाना कशाचा ते दाखवून द्यावं लागतं आणि तारखेत दिवस आधी की महिना आधी ते नीट बघावं लागतं, मी एकदा 4 मेच्या नोंदी 5 एप्रिलला घालून बसले होते. म्युच्युअल फंडाचे भाव आपोआप आणायची सोय आहे, ती चालू करायला मात्र जाणकार माणूस लागतो.

आणि सगळ्यात मोठी त्रुटी, जिच्यासाठी मी खरं तर पेन उचललंय, ती मराठीची. ग्नूकॅशमध्ये मराठी आहे, कोकणी पण आहे. कुणीतरी पूर्वी बसून ते काम केलेलं आहे आणि त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण ते अर्धवट आहे, प्रोग्राम पुढे गेला आणि भाषांतर मागे राहिलं. मराठी लावलं तर एका मेनूत मराठी, दुसऱ्यात इंग्रजी असं होतं, आणि विंडोजवर ते लावायलाच एक सेटिंगची फाइल उघडून त्यातली ओळ बदलावी लागते. म्हणून लोक इंग्रजीच ठेवतात, आणि इंग्रजी बघून माझ्या ओळखीच्या दोन बायका, दोघी उत्तम हिशेबी, एक भिशी चालवते आणि एक बचत गटाची सचिव आहे, दोघींनी दुसऱ्या दिवशी बंद केलं. मी विचारलं काय अडलं तर म्हणाल्या डेबिट क्रेडिट कळत नाही. अहो, ज्या बाईला नावे आणि जमा झोपेत विचारलं तरी सांगता येतं तिला डेबिट क्रेडिट कळत नाही म्हणून ती हिशेबातून बाहेर!

हिशेबाचे शब्द मराठीत नवे बनवावे लागत नाहीत. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडलेले आहेत, पाडव्याला आपण वह्या पुजतो, शाळेच्या पुस्तकात खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा, भांडवल, येणी-देणी सगळं आहे. ग्नूकॅशमध्ये मुळात पाच गट, मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि भांडवल, यातला कुठला शब्द आपल्याला परका आहे? त्यातले रकाने खात्याप्रमाणे नाव बदलतात, बँकेच्या खात्याला ठेव आणि काढ, रोकडीला मिळाले आणि खर्चले, आणि एक सेटिंग केलं की सगळीकडे सरळ डेबिट-क्रेडिट. तिथे नावे आणि जमा आलं की माझ्या त्या दोन मैत्रिणी दुसऱ्या दिवशी परत बसतील याची मला खात्री आहे.

हे भाषांतर करायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. वेबलेट नावाच्या साइटवर ते चालतं, तिथे खातं काढायचं, एका बाजूला इंग्रजी वाक्य येतं, खाली रिकामी चौकट, त्यात मराठी लिहायचं, बस. हिशेबाच्या शब्दांची शब्दावली तिथे वेगळी ठेवलेली आहे, आधी ती पक्की करावी असं माझं मत, कारण शब्द ठरले की वाक्यं सोपी जातात, नाहीतर एकाने खातेवही लिहायचं, दुसऱ्याने खतावणी आणि तिसऱ्याने लेजर. वाक्यं हजारो आहेत, एकट्याचं काम नाही. मी रोज जेवण झाल्यावर पंधरा-वीस करते. चुकतही असेन, इंग्रजीची वाक्यरचना मलाही कधी कधी चकवते. प्रोग्राममध्येच काही चुकीचं दिसलं तर तक्रार नोंदवायची जागाही त्यांनी वेगळी ठेवली आहे, तिथे इंग्रजीत लिहावं लागतं पण साधं चार ओळींचं चालतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

म्हणून आपल्यामार्फत विनंती आहे ती निवृत्त कॉमर्सच्या शिक्षकांना, बँकेतल्या आणि सोसायट्यांतल्या जुन्या हिशेबनिसांना, ज्यांनी हाताने कीर्द लिहिली आहे त्या सगळ्यांना. तुमच्याकडचे शब्द आहेत ते आजच्या तिशीतल्या मुलांकडे नाहीत, आणि तुम्ही ते तिथे लिहून ठेवले नाहीत तर कुणी मशीनकडून भाषांतर करून घेईल आणि बॅलन्स शीटचं "संतुलन पत्रक" होऊन बसेल. आणि कॉम्प्युटरवाल्या तरुण मंडळींना विनंती की विंडोजवर भाषा बदलायची ती फाइलची भानगड सोपी करता येते का ते बघा, आमच्यासारख्यांना प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये जाऊन काही बदलायचं म्हटलं की हात थरथरतो. आपल्या अर्थविषयक पानावर दर आठवड्याला हिशेबाचा एक मराठी शब्द आणि त्याचं एक घरगुती उदाहरण एवढं जरी आपण छापलंत तरी खूप मदत होईल, उदाहरणं लिहून द्यायची माझी तयारी आहे, मोबदला नको.

सध्या माझं दोन शब्दांवर अडलंय. बँकेशी टिक करून बघण्याला "जुळवणी" म्हणावं की "मेळ", मला जुळवणी बरं वाटतं पण आमच्याकडे रोकड जुळवण्याला रोजमेळ म्हणायचे. आणि सुनेच्या हप्त्याच्या ज्या तीन ओळी झाल्या त्यातल्या एकेका ओळीला ग्नूकॅश "स्प्लिट" म्हणतो, मी तात्पुरतं "पोटनोंद" लिहिलंय. कुणा वाचकाच्या घरी, दुकानात, पेढीवर याला वापरातला जुना शब्द असेल तर कृपया आपल्या पत्रांच्या सदरात कळवावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी, कराड